काम झाले की नाही, ते आधी सांगा

कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत, चालणाऱ्या एखाद्या साधनाने पिवळ्या अक्षरांत काही लिहिले, की वाचणाऱ्याच्या मनात सर्वांत आधी येतो तो प्रश्न म्हणजे आपले काम झाले की नाही. आणि बहुतेक इशारे नेमके तेवढे सोडून बाकी सगळे सांगतात. कोणत्या ओळीत काय आढळले, कोणती पद्धत जुनी झाली, पुढच्या आवृत्तीत काय बदलणार आहे, कोणता पर्याय दिला म्हणजे हा इशारा पुन्हा दिसणार नाही, हे सारे त्यात असते. मी सांभाळत असलेल्या एका लहानशा साधनाच्या निमित्ताने या विषयाचा विचार करावा लागला. त्या साधनाचे वापरकर्ते प्रोग्रामर नाहीत, त्यामुळे त्यांचा गोंधळ लपून राहत नाही. प्रोग्रामर न समजलेला इशाराही समजल्यासारखे करून पुढे जातो.

मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो आणि नोकरीबाहेरच्या वेळात दोन मित्रांच्या सोबतीने हे मोफत साधन चालू ठेवतो. महाल, इतवारी, गांधीबाग या भागांतल्या छपाईच्या दुकानांमध्ये कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर वर्षानुवर्षे साठून आहे: संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, कवितासंग्रह, दिवाळी अंक. आता ग्राहक तोच मजकूर संकेतस्थळासाठी किंवा ई-पुस्तकासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्या कळणाऱ्या प्रमाण संकेतांकांत, मागतात. आमचे साधन जुनी फाइल घेते आणि तिची युनिकोड प्रत काढून देते. ते चालवणारे बहुतेक जण डीटीपी ऑपरेटर आहेत. रेमिंग्टन कळफलकावर त्यांचा हात इतका बसलेला आहे की त्यांच्या वेगापुढे मी लाजावे, पण काळी खिडकी मात्र त्यांना आमच्या साधनापुरतीच भेटते.

जुन्या फॉन्टांची रचना येथे थोडी सांगायला हवी, कारण इशारे तिथूनच उपजतात. कृतिदेवमधल्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरे नसतातच. असतात ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. लहान लिपीतला रोमन डी म्हणजे क, लहान एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ही वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून टाइपही आधीच होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट आहे. जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षर टाइप झाल्यावर येतो आणि युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ अक्षराच्या आधी जातो. ख, ण, श यांसारखी अक्षरे अर्धा आकार आणि काना अशा दोन तुकड्यांनी बनतात. हे सगळे नियमांत बसवता येते. नियमांत बसत नाही ती अडचण अशी, की साध्या मजकुराच्या फाइलमध्ये फॉन्टची माहिती उरत नाही. मराठी वाक्याच्या मधोमध कोणी रोमन लिपीत नागपूर असे लिहिले असेल, तर साधन त्यालाही कृतिदेव समजते आणि त्याचे ‘छंहचनत’ करून ठेवते. असा अक्षरक्रम मराठीत संभवत नाही, एवढे तरी ओळखता येते. पण इंग्रजी अवतरणातला यू आणि एस या दोन लहान अक्षरांचा शब्द रूपांतरानंतर चक्क ‘ने’ होतो, आणि ‘ने’ बघून कोणत्याही नियमाला शंका येण्याचे कारण नाही.

म्हणजे साधनाला काही जागी अंदाज करावा लागतो आणि अंदाज केला तर तो सांगावा लागतो. पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये ते असे सांगितले जाई: ‘इशारा: ओळ ३१२, बाइट २३६: मॅपिंग सापडले नाही, मूळ मूल्य पुढे ढकलले.’ एका स्मरणिकेच्या फाइलमध्ये अशा ओळींनी पडदा भरून जाई. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरीही ठरल्यासारखे फोन येत: ‘भाऊ, हे पिवळं पिवळं काय येऊन राहिलं? फाइल पाठवू का नको गिऱ्हाइकाले?’ मे महिन्यात तर दुकानातल्या कूलरच्या आवाजात ओळ क्रमांक आणि बाइट क्रमांक फोनवर वाचून दाखवण्याचा कार्यक्रम चाले. काही जण पिवळे जाईल या आशेने तीच फाइल पुन्हा पुन्हा चालवत. एका ऑपरेटरने फाइल बिघडली असे समजून निघालेली प्रत पुसून टाकली आणि तीस-चाळीस पाने हाताने पुन्हा टाइप करायला घेतली. मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती मात्र फोन न करणाऱ्यांची. त्यांना पिवळ्याची सवय झाली होती आणि ते ‘छंहचनत’सकट फाइल ग्राहकाकडे पाठवून मोकळे होत होते.

चूक आणि इशारा यांत एक मूलभूत फरक आहे आणि गोंधळाचे मूळ त्यातच आहे. चूक आली की काम थांबते. वापरकर्त्याला कारण कळले नाही तरी काम झाले नाही हे कळते. इशाऱ्यात काम पुढे जाते, साधन शून्य हा यशाचा निर्गम संकेतांक, म्हणजे काम कसे संपले ते सांगणारा आकडा, देऊन बाहेर पडते आणि त्याच वेळी पडद्यावर काहीतरी बिनसल्याचा मजकूर ठेवून जाते. झाले आणि बिनसले या दोन गोष्टी एकदम खऱ्या कशा असू शकतात, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्पष्ट असते. वाचणाऱ्याला ते कोणीतरी सांगावे लागते.

नामांकित साधनेही येथे अडखळलेली आहेत. विंडोजवर गिट हे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी भेटणारा इशारा घ्या. ओळ संपल्याची खूण युनिक्स प्रणालीवर एलएफ या एका संकेतांकाने होते आणि विंडोजवर सीआरएलएफ या दोन संकेतांकांच्या जोडीने. त्यांची अदलाबदल गिट आपण होऊन करते. जुना इशारा दोन वाक्यांचा होता. या फाइलमध्ये एलएफच्या जागी सीआरएलएफ येईल, असे पहिले वाक्य सांगे आणि तुमच्या कामाच्या फोल्डरमध्ये फाइलच्या ओळींचे शेवट मूळचेच राहतील, असे दुसरे. बदलणार म्हणता आणि तसेच राहणार असेही म्हणता, मग बदलणार आहे ते कुठे आणि केव्हा? अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना हा प्रश्न पडलेला मी पाहिला आहे आणि तो अगदी रास्त आहे. २०२२ मध्ये गिटच्या विकासकांनी हे शब्द बदलले. कामाच्या प्रतीतल्या या फाइलला गिट पुढच्या वेळी हात लावील तेव्हा एलएफच्या जागी सीआरएलएफ येईल, असा आता त्याचा अर्थ आहे. कोणती प्रत आणि कोणती वेळ, या दोन्ही गोष्टी आता त्यात आल्या, आणि ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे. मात्र विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य अजूनही त्यात नाही: तुमची फाइल व्यवस्थित नोंदली गेली आहे, तुम्हाला काही करायचे नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजे, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, बसवणाऱ्या पिपचा एक इशारा याच कारणाने पाठ झाला आहे. पॅकेज बसते, आणि त्याबरोबर पिवळ्या अक्षरांत असे येते की अमुक स्क्रिप्ट अमुक फोल्डरमध्ये ठेवली आहे व ते फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, नाही. ते पाथमध्ये घाला, किंवा हा इशारा बंद करायचा असेल तर अमुक पर्याय वापरा. पाथ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात सगळे मिळते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासमोर एक न कळणारी कृती आणि एक सहज जमणारी कृती अशा दोन वाटा येतात, आणि सहज जमणारी वाट इशाऱ्याचे तोंड बंद करण्याची आहे. परिणाम काय होणार, हे कुठेच लिहिलेले नाही. पॅकेज बसले आहे. पायथनच्या प्रोग्राममधून ते वापरता येईल. फक्त त्याचे नाव थेट कमांड म्हणून टाइप केले तर विंडोज ते ओळखणार नाही. एवढी तीन वाक्ये आधी आली असती, तर पाथचा उपाय कोणाला हवा आणि कोणाला नको हे ज्याचे त्याने ठरवले असते.

इशारा कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न तर बहुधा विचारलाच जात नाही. एनपीएम या जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने एखादे पॅकेज बसवताना अमुक पॅकेज आता कालबाह्य आहे अशा ओळींची रांग लागते. ती पॅकेजे बहुधा वापरकर्त्याने मागितलेलीच नसतात. त्याने मागितलेल्या पॅकेजला लागणाऱ्या पॅकेजला ती लागतात. म्हणजे तक्रार तिसऱ्याच माणसाबद्दल असून ती ऐकवली जाते दारात आलेल्या पाहुण्याला. पायथनने या बाबतीत अधिक विचार केलेला दिसतो. २.७ आणि ३.२ या आवृत्त्यांपासून कालबाह्यतेचे इशारे सामान्यतः दाखवायचेच नाहीत असे ठरले, कारण ते कोड लिहिणाऱ्यासाठी असतात आणि प्रोग्राम चालवणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. पण मग कोड लिहिणाऱ्यांनाही ते दिसेनासे झाले. म्हणून ३.७ मध्ये अशी तडजोड झाली, की थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधल्या कोडमुळे इशारा उद्भवला असेल तर तो दिसेल आणि आयात केलेल्या लायब्ररीच्या पोटातून आला असेल तर दिसणार नाही. मुख्य फाइल बहुधा वापरकर्त्याने स्वतः लिहिलेली असते, हा त्यामागचा तर्क मला फार पटतो; जो दुरुस्ती करू शकतो त्यालाच सांगायचे, हे सूत्र यंत्राला पाळता येईल अशा रीतीने त्यात बसवले आहे.

वारंवारतेचा धडा गिटच्या पुल या, इतरांचे बदल आपल्याकडे ओढून घेणाऱ्या, कमांडने दिला आहे. दोन शाखा, म्हणजे एकाच कामाच्या दोन वाटा, वेगळ्या दिशांना गेल्या असतील तर त्या मर्ज करायच्या (एकत्र जोडायच्या) की रिबेस (एकीचे बदल दुसरीवर नव्याने चढवायचे), हे वापरकर्त्याने ठरवून ठेवावे, या हेतूने २०२० च्या २.२७ या आवृत्तीत एक लांबलचक इशारा आला. हेतू योग्य होता, पण शाखा वेगळ्या झालेल्या नसताना, म्हणजे ठरवण्यासारखे काही नसतानाही तो येत असे. रोज सकाळी कामावर बसून पुल करणाऱ्या माणसाला एक परिच्छेद वाचायला मिळे आणि नंतर सगळे नेहमीसारखेच चाले. लोकांनी सापडेल ती सेटिंग चिकटवून तो बंद केला, आणि त्यातल्या अनेकांनी आपण काय निवडले हे समजून न घेताच निवडले. २.३१ मध्ये शाखा खरोखर वेगळ्या झाल्या असतील तेव्हाच इशारा देण्याचे ठरले आणि २०२१ मध्येच पुढे त्या स्थितीत सरळ चूक देऊन थांबण्याची पद्धत आली. मला ही शेवटची अवस्था सर्वांत प्रामाणिक वाटते. वापरकर्त्याने निर्णय घेतल्याशिवाय पुढे जाणे योग्य नसेल, तर इशारा देऊन पुढे जाण्यात काही अर्थ नाही, आणि पुढे जाणे योग्य असेल तर परिच्छेदभर बोलण्यात काही अर्थ नाही.

रंगांबद्दल आम्हा तिघांत बराच वाद झाला. पिवळे, नारिंगी, लाल अशा तीव्रतेच्या पायऱ्या कराव्यात असे एका मित्राचे म्हणणे होते. मी त्याला भारतीय हवामान विभागाची उदाहरणे दाखवली. नागपुरात प्रादेशिक हवामान केंद्र आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याचे इशारे येथे घरोघरी चर्चेत असतात. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेले की तीव्र लाट, हा त्या विभागाचा एक निकष आहे. सरासरीपेक्षा किती अंश जास्त, हा दुसरा. पण जनतेसमोर जो रंग येतो त्याला या आकड्यांपेक्षा कृतीचा अर्थ दिलेला आहे. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आमच्या साधनात मधले दोन रंग लागूच पडत नाहीत, कारण रूपांतर होऊन गेल्यावर तयारीत राहण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आता दोनच प्रकार ठेवले आहेत: तुम्हाला काही करायचे नाही, आणि तुम्हाला अमुक जागा तपासायच्या आहेत. रंग कोणताही असो, हे शब्दांत लिहिलेले असते. बऱ्याच ऑपरेटरांच्या जुन्या मॉनिटरवर पिवळे आणि पांढरे सारखेच दिसते, ही गोष्टही त्या वादात उपयोगी पडली.

खरोखर धोकादायक प्रसंगी काय करावे, याची चर्चा निघाली की नोव्हेंबर २०२१ मधली घटना आठवते. लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. पॅकेजांच्या एका तात्पुरत्या बिघाडामुळे एपीटीने, म्हणजे तिथल्या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने, डेस्कटॉपच काढून टाकण्याचा बेत आखला आणि तसे स्पष्ट सांगितलेही. आवश्यक पॅकेजे काढली जातील, आपण काय करत आहोत हे नेमके ठाऊक असल्याशिवाय हे करू नये, आणि पुढे जायचेच असेल तर ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ हे वाक्य जसेच्या तसे टाइप करावे, असा तो मजकूर होता. त्यांनी ते टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. तेव्हा पुष्कळांनी त्यांना हसून घेतले. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्याने खेळ बसवायला घेतला आहे त्याला आवश्यक पॅकेजे ही शब्दयोजना काय सांगणार? पॅकेजांच्या नावांच्या त्या गर्दीत तुमचा डेस्कटॉप निघून जाईल आणि फक्त काळा पडदा उरेल, असे एक वाक्य नव्हते. वाक्य टाइप करायला लावल्याने हात मंदावतो, पण ज्या माहितीअभावी निर्णय चुकतो ती माहिती त्यामुळे मिळत नाही. त्यानंतर एपीटीतच बदल झाला, आणि अशी पॅकेजे सहजासहजी निघू नयेत अशी व्यवस्था झाली.

याहून जुने आणि मला अधिक आवडणारे उदाहरण फाइली पुसणाऱ्या आरएम या कमांडचे आहे. मुळापासून सगळी फाइल व्यवस्था पुसण्याची आज्ञा दिली तर लिनक्सवरचे जीएनयू प्रकल्पाचे आरएम २००६ पासून आपण होऊनच नकार देते आणि तरीही करायचे असल्यास कोणता पर्याय द्यावा ते सांगते. पिपने अलीकडे हीच वाट धरली. डेबियन या लिनक्स प्रणालीची १२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली तेव्हापासून प्रणालीच्या पायथनमध्ये परस्पर पॅकेज बसवायला गेले की पिप थांबते, वेगळे आभासी वातावरण, म्हणजे पॅकेजांसाठी स्वतंत्र जागा, कसे तयार करावे ते सांगते, आणि त्यावर मात करणाऱ्या पर्यायाचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असे ठेवलेले आहे. संदेश न वाचता कोणाच्या तरी उत्तरातून कमांड उचलणाऱ्यालाही निदान स्वतःच्या बोटांनी हे शब्द टाइप किंवा चिकटवावे लागतात. पर्यायाच्या नावात परिणाम लिहिणे ही युक्ती स्वस्त आहे आणि ती वापरणारी साधने फार थोडी आहेत.

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या एसएसएचच्या मोठ्या इशाऱ्याबद्दल मात्र माझे मत संमिश्र आहे. सर्व्हरची ओळख बदलली की मोठ्या अक्षरांत, चौकट करून, कोणीतरी काही वाईट करत असण्याची शक्यता आहे असे तो सांगतो. आणि किल्ली, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी सांकेतिक माहिती, नुकतीच बदलली असेल अशीही शक्यता सांगतो. २४ मार्च २०२३ रोजी गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाने आपली आरएसए प्रकारची किल्ली बदलली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, उघडा पडला होता. त्या दिवशी जगभर अनेकांच्या पडद्यावर ही चौकट उमटली. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर याच मजकुरात जुनी किल्ली काढून टाकण्याची तयार कमांड छापलेली असते, आणि घाईतला माणूस तीच उचलतो. गिटहबने नव्या किल्लीचा ठसा, म्हणजे ती ओळखण्याची छोटी खूण, आपल्या संकेतस्थळावर दिला होता. तो ताडून पाहणे हे यातले खरे काम होते. उपाय जर चिकटवता येण्याजोगा असेल आणि पडताळणी जर वाक्यात सांगितलेली असेल, तर लोक उपाय करणार आणि पडताळणी सोडणार. क्रम उलटा हवा.

आमच्या साधनाकडे परत येतो. त्यात सर्वांत मोठी अडचण शब्दांची नव्हतीच. ऑपरेटर जुनी फाइल माउसने ओढून साधन सुरू करणाऱ्या बॅच फाइलच्या चिन्हावर सोडतात. काळी खिडकी उघडते, काम होते आणि खिडकी मिटते. इशारे सुंदर लिहिले काय किंवा गबाळे लिहिले काय, वाचायला ते उरतच नाहीत. इशाऱ्यांसाठी वेगळा प्रवाह, म्हणजे मजकूर बाहेर पडण्याची वेगळी वाट, असावा ही कल्पना सुद्धा अशाच गैरसोयीतून आली होती. १९७० च्या दशकात, युनिक्स जिथे घडले त्या बेल लॅब्समध्ये, फोटोटाइपसेटर या प्रकाशाने अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रावर मजकूर जुळवताना चूक झाल्याचा संदेशही मुख्य मजकुराच्याच प्रवाहात जाई, आणि रसायनातून कागद काढून पाहावा तर त्यावर उत्तम जुळवलेली एकच ओळ असे, की फाइल उघडता आली नाही. त्यानंतर युनिक्समध्ये चुकांचा प्रवाह निराळा झाला. छपाईच्या धंद्याने संगणकाला दिलेली ही देणगी महालातल्या दुकानात बसून आठवली की गंमत वाटते. आमच्या वापरकर्त्यांच्या बाबतीत मात्र तो निराळा प्रवाहही मिटणाऱ्या खिडकीतच जातो.

म्हणून आता इशारे फाइलमध्ये जातात. युनिकोड प्रतीच्या शेजारी, तिच्याच नावाला ‘तपासा’ हा शब्द जोडून, एक साधी मजकूर फाइल तयार होते आणि तपासण्यासारखे काही असेल तरच ती तयार होते. याचा दुसरा लाभ असा झाला, की विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन होतात ती अडचणही गेली. नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसते. फाइलची सुरुवात आता अशी असते: ‘रूपांतर पूर्ण झाले आहे. सर्व पाने नव्या फाइलमध्ये आली आहेत. खालील ७ शब्द इंग्रजी असावेत असे वाटते. ते नव्या फाइलमध्ये शोधून हाताने दुरुस्त करावेत. बाकी मजकुराला काही करण्याची गरज नाही.’ त्याखाली प्रत्येक संशयित शब्द, त्याच्या मागचेपुढचे तीन-तीन शब्द आणि मूळ रोमन अक्षरे येतात. ओळ क्रमांक काढून टाकले, कारण पेजमेकर किंवा वर्डमध्ये उघडलेल्या मजकुराची ओळ आणि आमच्या फाइलची ओळ यांचा काही संबंध नसतो. शब्द मात्र शोधून सापडतो. एकच शब्द पन्नास वेळा आला असेल तर तो एकदाच येतो आणि पन्नास ठिकाणी आहे असे लिहिलेले असते. बाइट क्रमांक आम्हा तिघांसाठी वेगळ्या नोंदवहीत जातात आणि ऑपरेटरला ते दिसतही नाहीत.

‘सर्व पाने आली आहेत’ हे वाक्य पुण्यात राहणाऱ्या मित्राला अनावश्यक वाटले होते. साधन यशस्वी झाले तर त्याने गप्प राहावे, ही युनिक्सची जुनी शिस्त त्याच्या अंगात मुरलेली आहे आणि एकामागून एक जोडलेल्या कमांडांच्या साखळीत ती योग्यही आहे. पण महालातल्या एका दुकानातले सर्वांत अनुभवी ऑपरेटर काका नवा मजकूर वाचत असताना मी शेजारी काही न बोलता बसलो होतो. काय कळले ते त्यांनीच मोठ्याने सांगायचे, एवढेच ठरले होते. त्यांनी विचारले, ‘हे सात शब्द म्हणते, ते ठीक आहे, पण पानं तर गळाली नाही ना?’ ज्या माणसाच्या हातून वर्षानुवर्षे छपाईचे काम गेले आहे त्याला पान गळण्याची भीती आधी वाटते, संकेतांकाची नंतर. ते वाक्य त्यांच्यामुळे आले आणि आता पानांच्या खुणा मोजून, खात्री झाली तरच छापले जाते. खात्री झाली नाही तर तसे स्पष्ट लिहिले जाते.

असे शेजारी बसून पाहणे हीच मला या कामातली एकमेव खात्रीची पद्धत वाटते. ‘हे कळले का?’ असे विचारले तर नागपुरात समोरचा माणूस सौजन्याने हो म्हणतो. ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारले की खरे कळते. ‘इंग्रजी असावेत’ याऐवजी आधी ‘अज्ञात शब्द’ असे लिहिले होते. त्यावर एका तरुण ऑपरेटरने शब्दकोश उघडला. त्याचे काही चुकले नव्हते, आमच्या शब्दांनी त्याला तिकडेच पाठवले होते. पायथनच्या विकासकांनी ३.१० या आवृत्तीत नेमके हेच साधले: पूर्वी कंस मिटायचा राहिला तर चूक खालच्याच कुठल्यातरी ओळीवर दाखवली जाई आणि शिकणारा तिथे जाऊन बसे; आता हा कंस मिटलाच नाही असे सांगून उघडणाऱ्या कंसावर बोट ठेवले जाते.

जे प्रश्न सुटले नाहीत त्यांतला एक निर्गम संकेतांकाचा आहे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शेकडो जुन्या फाइली एकगठ्ठा रूपांतरित करणारी स्क्रिप्ट आमचे साधन वापरते, आणि तिथे कोणी ‘तपासा’ फाइल उघडून बसत नाही. संशयित शब्द असतील तर शून्याऐवजी दुसरा संकेतांक द्यावा, अशी त्यांची मागणी आहे. डिफ ही कमांड दोन फाइलींत फरक आढळला तर १ आणि खरी अडचण आली तर २ देते. मजकूर शोधणारी ग्रेप काही सापडले नाही तर १ देते. त्या धर्तीवर करता येईल, पण मग पहिल्याच १ ला थांबणाऱ्या स्क्रिप्टी एका ‘छंहचनत’पायी अडून बसतील. तूर्त ‘कडक’ नावाचा पर्याय दिला आहे. तो दिला तरच संशयित शब्दांवर १ मिळतो, एरवी शून्य. ग्रंथालयाने तो लावून पाहिल्यावर निम्म्याहून अधिक फाइली १ देऊन परत आल्या, त्यामुळे आता किती शब्दांपर्यंत चालेल ही मर्यादा त्या पर्यायाला देता यावी, यावर काम सुरू आहे.